मोहफुलांचा तक्ता

नोकरीची पहिली आठ वर्षं माझ्या हातात छडी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी मला फार मायाळू बाई समजायचं. छडी म्हणजे नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाची काडी. ती पोरांनीच तोडून आणायची, आणि ज्याच्या पाठीवर मोडेल त्यानं दुसऱ्या दिवशी नवी आणायची, असा माझा कायदा होता. मला तो न्यायाचा वाटायचा. मी तापट आहे, तेव्हा जास्त होते, आणि एका खोलीत तिसरी-चौथीची मिळून चाळीसेक पोरं सांभाळायची म्हणजे तापट असणं हा गुणच समजला जाई.

गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जंगलाच्या कडेचं. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून पुढे पायी. शाळा दोन शिक्षकी, चौथीपर्यंत. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे. ते अल्लीपूरचे, तिकडे त्यांची शेती होती, आणि शनिवारी दुपारी त्यांचा एक डोळा घड्याळावर आणि एक रस्त्यावर असायचा. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेल्या माणसाला जेवढी शाळा हवी असते तेवढी त्यांना हवी होती.

माझं शिकवणं म्हणजे मी एकदा बोलायचं आणि पोरांनी तेच तीनदा ओरडायचं. पाढे, कविता, जिल्ह्यातल्या नद्या, पाण्याची तीन रूपं, सगळं एकाच चालीत. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटायचं, काय शिकवते ही बाई! हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी पोरांची वर्गवारी करून ठेवली होती: हुशार, बरी, ढ. तिसऱ्या खान्यात सगळ्यात वर एका मुलीचं नाव होतं. ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. नाल्यापलीकडे गोंडांची दहा-बारा घरं होती, तिथून यायची. घरात आजीशी गोंडी बोलायची, आमच्याशी काहीच बोलायची नाही. तिसरीचं अख्खं वर्ष तिच्या तोंडून मी फक्त 'हजर' ऐकलं. छडी खाल्ली तरी ती रडायची नाही, नुसती माझ्या हाताकडे बघायची. त्या बघण्याचा मला राग यायचा.

तिचे वडील एकदा दाखला-बिखला विचारायला आले, तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हणाले होते की हिला पुढे शिकवून उपयोग नाही. पाचवीसाठी तिला आश्रमशाळेत घालायची सोय होती, राहणं-जेवण तिथंच. त्यांनी मान हलवली आणि गेले. एका वाक्यात मी त्या मुलीचं पुढचं आयुष्य कापूस वेचायला लावून टाकलं, आणि त्या संध्याकाळी मी मजेत वांग्याची भाजी केली असेल.

ती मुलगी चौथीत आली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्हा काही शिक्षकांना सेवाग्रामला दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं. सुट्टी बुडाली म्हणून आम्ही सगळे तोंडं वाकडी करून बसलो होतो. शिकवायला एक म्हातारे गृहस्थ होते, खादीची अर्धी चड्डी, कानानं थोडे कमी. पहिल्याच दिवशी ते आमच्यामध्ये खाली बसले आणि म्हणाले, आज तुम्ही मला शिकवा. शाळेत न शिकलेली, घरून आलेली एक तरी गोष्ट.

मला काही सुचेना. मी हिंगणघाटची, वडील कापडगिरणीत कामाला. घरच्या गोष्टी लपवण्यातच माझं शिक्षण झालं होतं. शेवटी माझी पाळी आली तेव्हा पदराचा एक दोरा काढून तोडला आणि गिरणीत चालत्या यंत्रावर तुटलेला धागा दोन बोटांत कसा सांधतात ते करून दाखवलं. वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं. म्हातारबाबांनी तो दोरा डोळ्यांजवळ धरला, पीळ कुठल्या बाजूला देता, उलटा दिला तर काय होतं, असं विचारत राहिले. मी सांगत राहिले. सांगता सांगता मला रडू आलं. आठ वर्षं मास्तरकी करून मला कोणी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तर मला येत होतं.

ते एवढंच म्हणाले, की पोरगं वर्गात येतं तेव्हा रिकामं येत नाही, आधी ते काय घेऊन आलंय ते बघा.

परत आले ती पेटून आले. माझं सगळंच टोकाचं. छडी कपाटावर टाकली. टाटपट्ट्या रांगेतल्या काढून गोल मांडल्या. मी खुर्ची सोडून त्या गोलात बसले. आता पोरांनी विचारायचं, पोरांनी सांगायचं. पहिला आठवडा नुसता गोंधळ. पोरांना वाटलं बाईला बरं नाही. कोणी विचारेना, विचारलं तर 'बाई, लघवीले जाऊ?' एवढंच. गावात बोभाटा झाला की बाई आजकाल शिकवत नाही, पोट्ट्याईलेच इचारते. एका आईनं तर येऊन सांगितलं की थोडं मारत जा बाई, पोरगं हाताबाहेर जाऊन राह्यलं. गुरुजी दारातून डोकावून जायचे आणि मिशीत हसायचे. दोनदा मी कपाटाकडे हात नेला, हे खोटं कशाला बोलू.

मग मी म्हातारबाबांचीच युक्ती केली. प्रत्येकाला खाकी कागदाचा एक मोठा तक्ता दिला. घरी जे काम चालतं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढायचं आणि गोलात उभं राहून सांगायचं. नियम दोनच. कोणी हसायचं नाही, आणि विचारलेल्याचं उत्तर पूर्ण द्यायचं. अर्धं उत्तर आमच्या वर्गात चालत नसे. कोणी मध्येच थांबलं की बाकीची पोरं एका सुरात म्हणायची, पूर्ण सांग.

आणि वर्ग बोलायला लागला. सुताराच्या मुलानं पेरणीची तिफण काढली, प्रत्येक फण किती बोटं अंतरावर ते टेपशिवाय सांगितलं. पोलीस पाटलाच्या नातवानं सरकीपासून गाठोड्यापर्यंत कापूस काढला. गुणाकाराला घाबरणारी पोरं ओळीत किती झाडं आणि वेचणाऱ्या बाया किती याचे हिशेब तोंडी करायला लागली. मला रात्री झोप येईना, आनंदानं. वाटायचं, कधी एकदा सकाळ होते.

मागच्या भिंतीच्या मुलीनं चार दिवस कागद कोरा ठेवला. पाचव्या दिवशी ती तक्ता घेऊन उभी राहिली. तिनं मोहाचं झाड काढलं होतं. चैत्रात उजाडायच्या आत झाडाखाली जायचं, खालचा पाला आधी जाळून जागा साफ करायची, म्हणजे फुलं दिसतात, हे सांगितलं. फुलं किती दिवस वाळवायची, किती दिवस भिजवायची ते सांगितलं. मग तिनं खालचं चित्र दाखवलं. चूल, चुलीवर मडकं, मडक्यावर दुसरं मडकं, त्याच्या पोटात लहान गाडगं, आणि सगळ्यात वर जर्मनच्या गंजीत, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, थंड पाणी. ही तिच्या आजीची भट्टी होती. त्यांच्या देवाला आणि गेलेल्या माणसांना पहिली धार लागते, त्याशिवाय पूजा होत नाही.

मी तिला विचारलं, वरचं पाणी कशाला?

"वाफ वर जाते, बाई. गार बुडाले लागली का तिचं पाणी होते, अन् गाडग्यात पडते. वरचं पाणी तपलं का बदला लागते. नाई बदललं तं वाफ तशीच निंघून जाते."

पाण्याची तीन रूपं मी आठ वर्षं शिकवत होते. बाष्पीभवन, संघनन, हे शब्द मी आठ वर्षं ओरडून घेतले, आणि माझ्या वर्गातल्या एकाही पोराला ते कळले नव्हते. त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले. मी स्वतः खडूनं तिच्या तक्त्यावर ते दोन शब्द लिहिले. दीड वर्षात जी बोलली नव्हती ती अर्धा तास बोलली. हजेरीपटाचं मागचं पान मी त्याच दिवशी फाडलं आणि संध्याकाळी नाला ओलांडून तिच्या वडिलांकडे गेले. म्हणाले, मी चुकले होते, हिला पाचवीला आश्रमशाळेत घाला, ही खूप शिकेल. एवढी लहान पोर दूर ठेवायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, तुम्ही म्हणता तर धाडतो.

आता एक गोष्ट, जी मी पुढे कितीतरी वर्षं कोणाला सांगितली नाही. तक्त्याच्या तळाला तिनं स्वतःच्या अक्षरात 'दारू' लिहिलं होतं. मी ते पुसलं आणि 'मोहाचा अर्क' लिहिलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला माहीत होतं म्हणूनच मी शब्द बदलला. आणि बदलला म्हणजे झालं, असं समजले.

माघात वार्षिक तपासणी लागली. पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी गुरुजी माझ्या वर्गात आले, भिंतीवरचे तक्ते एकेक बघितले आणि मोहफुलांपाशी थांबले. म्हणाले, "बाई, हा एक काढून ठेवा."

माझा पारा चढला. मी विचारलं, हाच का? पाटलाच्या नातवाचा कापूस भिंतीवर राहील, आणि या मुलीचं तेवढं खाली? तिनं पहिल्यांदा तोंड उघडलंय, आणि आपण तिला सांगायचं की तुझ्या घरचं दाखवण्यासारखं नाही? गुरुजी म्हणाले, तसं नाही हो बाई, समजून घ्या. मी समजून घेतलं नाही. मला वाटलं, जुनाट माणूस, मुलगी नाल्यापलीकडची आहे म्हणून काढायला सांगतो. तक्ता मी काढला नाही. उलट फळ्याच्या शेजारी आणून लावला. मी बरोबर होते असं मला आजही अर्धं वाटतं, आणि तेच जास्त छळतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत रिवाजाप्रमाणे सरपंच आणि पोलीस पाटील. साहेब सज्जन, बोलायला गोड. गोलात बसलेली पोरं बघून खूश झाले. त्यांनी चौथीला विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? दोन-तीन हात वर झाले. त्यांतलं कोणालाही उठवता आलं असतं. पण मला माझा सगळ्यात मोठा पराक्रम दाखवायचा होता. मी तिला नावानं हाक मारली.

ती उठली, पट्टी घेतली आणि तक्त्याजवळ उभी राहिली. एक शब्द न अडखळता तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी मला म्हटलं, वा. मग हसत तिला विचारलं की हा अर्क म्हणजे काय असतो गं?

तिनं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाही मान नाही अशी हलवता आली असती. मागून तिसरीतलं एक पोरगं सवयीनं म्हणालं, पूर्ण सांग. मी मान होकारार्थी हलवली.

"दारू, सायेब. आजी काढते. पयले देवाले, मंग मागतीन त्याईले."

कोण मागतं, असं साहेबांनी विचारलं. त्यांना मजा वाटत होती, दुसरं काही नव्हतं. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट धरलं, मोजायला सुरुवात करतात तसं, आणि पहिलं नाव आठवत तिची नजर खुर्च्यांकडे गेली. सरपंच खिडकीतून बाहेर बघायला लागले. पोलीस पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गुरुजी जवळजवळ ओरडलेच, बस, बस खाली. ती बसली. उत्तर अर्धं राहिलं म्हणून तिचा चेहरा पडला होता.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की उपक्रम स्तुत्य असून विद्यार्थी निर्भयपणे बोलतात. तो शेरा मी माझ्या वहीत उतरवून घेतला. चहा घेऊन निघताना जाता जाता त्यांनी पोलीस पाटलांना सहज विचारलं, काय हो, तुमच्या गावात भट्टी आहे वाटतं? पाटलांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत पोलिसांची जीप आली. आम्ही गोलात बसलो होतो. जीप नाल्याकडे गेली तशी पोरं खिडकीला धावली. ती मुलगीही उठली. मी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. कशासाठी, मला सांगता येणार नाही, काहीतरी धरून ठेवावं असं वाटलं. अर्ध्या तासानं जीप परत गेली. मागे तिचे वडील बसले होते. म्हाताऱ्या आईला नेऊ नये म्हणून, मीच काढतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मडकी जागेवरच फोडली होती. तोवर मुलगी उठून खिडकीशी गेली होती, मी तिच्या मागे. रडली नाही. माझा हात तिच्या दंडावर होता, त्या हाताकडे तिनं बघितलं.

मी तशीच तणतणत पोलीस पाटलांच्या घरी गेले. विचारलं, तुम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं का? ते ओट्यावर बसले होते. शांतपणे म्हणाले, "माहीत असनं येगळं राह्यते, बाई. सायबासमोर तोंडानं बोललं गेलं. आता मी काई केलं नाई, तं माही पाटीलकी जाते. तुमी काऊन वदवलं तिच्याकडून?"

मला खोटं वाटेल असं त्यात काहीच नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं, सगळं गाव तिथं जात होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. त्या न बोलण्यावर नाल्यापलीकडची ती घरं तगून होती. गावातली शहाणी माणसं हे जाणून होती, गुरुजी जाणून होते. एकटी मीच शिकून आले होते.

समुद्रपूरला जाऊन साहेबांनाही भेटले. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, मी काही तक्रार केली नाही हो, मी तर चांगला शेरा दिला तुम्हाला. मी आभार मानून परत आले. आणखी काय करणार होते?

दुसऱ्याच दिवसापासून पोरं तक्ते परत मागायला लागली. सुताराच्या मुलाचा आधी गेला, मग कापसाचा, मग एकेक करत सगळे. घरून सांगितलं होतं. तिफणीच्या चित्रात पोलिसांनी नेण्यासारखं काय होतं? पण गावानं जे समजायचं ते समजून घेतलं होतं, की शाळेत सांगितलेलं कुठवर जाईल याचा नेम नाही. आठवड्याभरात भिंती उघड्या झाल्या. गोलात मी विचारायची, काल घरी काय झालं? उत्तर यायचं, काई नाई, बाई. चाळीस पोरांच्या घरी काही म्हणजे काहीच होत नव्हतं. शेवटी मी टाटपट्ट्या पुन्हा रांगेत टाकल्या. छडी मात्र परत घेतली नाही. ती घ्यायचा मला अधिकार उरला नव्हता.

मुलगी येत नव्हती. वडील काही दिवसांनी जामिनावर सुटले, पण हिंगणघाटच्या कोर्टाच्या तारखा मागे लागल्या. एका रविवारी मी नाला ओलांडून गेले. माफी कशी मागायची ते चार दिवस पाठ केलं होतं. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं आणि मला काही बोलूच दिलं नाही. म्हणाले, "पोरगी खोटं नाई बोलली, बाई. तिले मारजा नोका." ते मला शिव्या देतील याची तयारी करून गेले होते. याची नव्हती.

आजी पाठ करून बसली होती. ती गोंडीत काहीतरी बोलली, लांबलचक. मी विचारलं, काय म्हणतात? मुलगी सवयीप्रमाणे सांगायला लागली, "आजी म्हंते का..." आणि वडिलांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती थांबली. मी म्हातारीकडे बघत बसले. ती काय म्हणाली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

नाल्यापर्यंत मुलगी मला सोडायला आली. पाण्यात दगड टाकलेले होते, त्यावर पाय ठेवणार तोच तिनं विचारलं, "बाई, माहं उत्तर चुकलं होतं का?"

मी म्हणाले, नाही, बरोबर होतं.

"मंग बाबाले काऊन नेलं?"

मी म्हणाले, मोठी झालीस की कळेल. वर्गात कधीच द्यायचं नाही असं मी पोरांसमोर कबूल केलेलं उत्तर होतं ते. तिनं मान हलवली, अगदी वडिलांसारखी, आणि परत गेली.

परीक्षेला ती आली. पेपर गुरुजींनी काढला होता. त्यात प्रश्न होता, बाष्पीभवन म्हणजे काय ते उदाहरण देऊन सांगा. मी तपासायला घेतला तो तिचाच पेपर आधी शोधला. तिनं लिहिलं होतं, 'पाण्याची वाफ होणे यास बाष्पीभवन म्हणतात. उदाहरणार्थ, ओले कपडे वाळणे.' पुस्तकात होतं तसंच्या तसं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. दुसरं काही देता येत नव्हतं. गुरुजींनी बघितलं आणि समाधानानं म्हणाले, बरं झालं, पोरगी रुळली.

मला वाटलं होतं वडील आता तिला काही पुढे धाडणार नाहीत. उन्हाळ्यात ते तिला घेऊन दाखला मागायला आले. गावातली पोरं तिला भट्टीवाली म्हणायला लागली होती, आणि कामाला नेणारे शेतमालकही टाळायला लागले होते. वडील म्हणाले, इथं ठेवून तरी काय करू, आश्रमशाळेतच घालतो. म्हणजे मला जे हवं होतं ते झालं. ती पुढे शिकणार होती. मला आनंद व्हायला हवा होता.

गुरुजी आत दाखला लिहीत होते. वडील त्यांच्यापाशी उभे होते. मी आणि ती ओसरीत. नवा फ्रॉक होता, पायात चप्पल नव्हती. तिनं हळूच विचारलं, "तिथले गुरुजी इचारतीन, घरी काय करते? तं काय सांगू?"

मी खाली बसले, तिच्या उंचीला आले. म्हणाले, सांग, बाबा मजुरी करतात.

"अन् आजी?"

आजी म्हातारी आहे, घरीच असते.

ती वाट बघत राहिली. मी म्हणाले, बस, एवढंच.

"हे तं अर्धं हाय, बाई."

"हो. अर्धंच सांगायचं."

मग मी तिला म्हणाले, म्हणून दाखव. तिनं हाताची घडी घातली, समोर भिंतीकडे बघितलं आणि पाढ्याच्या चालीत म्हटलं, बाबा मजुरी करतात, आजी म्हातारी आहे, घरीच असते. मी म्हणाले, पुन्हा. तिनं पुन्हा म्हटलं. तीनदा म्हणून घेतलं, एकदाही चुकली नाही. मी तिला शाब्बास म्हणाले. आतून वडील दाखला घडी करत बाहेर आले, आणि दोघं फाट्याकडे एस.टी.साठी निघाले.